एकच गल्ली एका उन्हाळ्यात तीनदा का खणतात? सस्काटूनचे रस्ते, पाइप आणि झाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरीहून दोन वर्षांपूर्वी कॅनडातल्या सस्काटूनला आलेल्या एका कुटुंबाने शहराच्या जुन्या वस्तीत घर घेतलं. यंदा त्यांची गल्ली मे महिन्यात खणली आणि डांबर न टाकता नुसतीच बुजवली, ऑगस्टमध्ये कडेने पुन्हा फोडली आणि सप्टेंबरमध्ये परत बंद केली. शेजारच्या रस्त्यावर कोणीतरी काळ्या वेड्यावाकड्या रेघा ओढून गेलं. दारासमोरच्या एल्म नावाच्या मोठ्या झाडाची वाळकी फांदी खाली आली आहे, पण जुलैत ती कापायला कोणी तयार नव्हतं. जवळच्या बागेत अर्धं गवत दर आठवड्याला कापतात आणि अर्धं कंबरेपर्यंत वाढू देतात. त्यांनी विचारलं आहे की इथल्या कारभारातही आपल्यासारखाच ताळमेळ नाही का, आणि घरमालक म्हणून यात आपण काय करायचं.

मी आधी महाराष्ट्रात रस्ते आणि ड्रेनेजची कामं केली, नंतर बरीच वर्षं कॅनडाच्या प्रेअरी, म्हणजे गवताळ माळरानाच्या भागातल्या शहरांत तीच कामं केली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ जमिनीखालच्या पाण्यात आहे. ते कधी गोठतं, किती खोलवर गोठतं आणि कधी वितळतं, यावर इथली कामं ठरतात. आपल्याकडे रस्त्याचं वेळापत्रक पावसाळा ठरवतो. मेअखेर खोदकाम आवरा म्हणून सगळ्यांची धावपळ चालते. इथे मेमध्ये खोदकामाला सुरुवात होते आणि ऑक्टोबर सरता सरता डांबराचं काम थांबतं. जेमतेम पाच-सहा महिन्यांत पाइप, कर्ब (रस्त्याची काँक्रीटची उंच कड), फूटपाथ, डांबर, गवत आणि झाडं सगळं उरकायचं असतं. एकाच वेळी सगळं शहर खणल्यासारखं दिसतं ते त्यामुळे.

सस्काटून ५२ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून फार दूर, मोकळ्या माळावर वसलं आहे. जानेवारीत उणे ३० चं कोणाला नवल वाटत नाही आणि जुलैत पारा तिशी ओलांडतो. म्हणजे एकाच रस्त्याला वर्षभरात ६० अंशांचा फरक सोसावा लागतो. त्यातही अंगणापेक्षा रस्त्याखालची जमीन जास्त खोल गोठते. अंगणावर बर्फाचं पांघरूण असतं, ते खालची ऊब धरून ठेवतं. रस्त्यावरचा बर्फ आपण वाहतुकीसाठी काढून टाकतो, त्यामुळे थंडी थेट आत शिरते आणि कडक हिवाळ्यात दोन मीटरच्याही खाली पोहोचते. म्हणून इथल्या पाण्याच्या लाइनी अडीच ते तीन मीटर खोल टाकतात. आपल्याकडे मीटरभर खोल चर खणून जी लाइन एका दिवसात टाकून होते, तिच्यासाठी इथे माणूस उभा मावेल त्याहून खोल खड्डा, बाजूची माती ढासळू नये म्हणून पोलादी पेटी आणि मोठं मशीन लागतं. गल्ली पूर्ण बंद करण्याचं कारण हेच.

थंडी जमिनीत फार सावकाश उतरते. वर जानेवारी संपतो तेव्हा खाली ती अजून उतरतच असते. सर्वांत खोलचा टप्पा बहुधा मार्चमध्ये गाठला जातो. बाहेर बर्फ वितळायला लागला, लोकांनी जाड कोट बाजूला ठेवले, आणि नेमका तेव्हाच एखाद्या घराचा नळ गोठतो. नवख्या माणसाला हे खरं वाटत नाही. त्यामुळे नळाचं पाणी बर्फासारखं गार लागत असेल आणि शहराने 'धार चालू ठेवा' असं कळवलं असेल, तर ऊन पडलं म्हणून ती बंद करू नका.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकतो, पण रस्ता उखडण्यामागे एवढंच कारण असतं तर गोष्ट सोपी होती. सस्काटूनखाली बऱ्याच ठिकाणी हिमयुगाच्या शेवटी सरोवरांच्या तळाशी साचलेली बारीक गाळमाती आणि चिकणमाती आहे. गोठणारा थर खालून पाणी वर ओढून घेतो. ते पाणी मातीत बर्फाचे आडवे पापुद्रे करत साचतं आणि रस्ता वर उचलला जातो. एप्रिलमध्ये वितळण्याची सुरुवात वरून होते. वरचा फूटभर भाग चिखल झालेला असतो, त्याखाली अजून गोठलेली टणक जमीन असते आणि मधल्या पाण्याला निचरायला वाट नसते. अशा रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली की डांबर खाली वाकतं, तडकतं आणि खड्डा पडतो. सस्कॅचेवान या इथल्या प्रांतात वसंतात बऱ्याच रस्त्यांवर जड वाहनांच्या वजनावर बंधनं येतात आणि ऐन हिवाळ्यात काही रस्त्यांवर उलट जास्त वजन न्यायला परवानगी मिळते, कारण तेव्हा गोठलेली जमीन काँक्रीटइतकी टणक असते. आपल्याकडे काळ्या मातीत रस्ता बांधलेल्या कोणाही इंजिनिअरला हे लगेच कळेल. मराठवाड्यातली माती ओलीकोरडी होऊन जे करते, तेच इथे गोठणं आणि वितळणं करतं.

आता तुमच्या गल्लीकडे वळतो.

जुन्या वस्तीत मे महिन्यात झालेलं खोल खोदकाम बहुतेक पाण्याच्या लाइनीचं असणार. जुन्या लाइनी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या आहेत. बीड ठिसूळ असतं, जमीन हलली की तडकतं. १९५० च्या दशकापूर्वी बांधलेल्या अनेक घरांना मेन लाइनपासून घरापर्यंत शिशाचा पाइप होता. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली, त्याआधी ती १० होती. हे पाइप बदलण्याची मोहीम शहराने हाती घेतलेली आहे. तुमच्या घराचा पाइप त्यात असेल, तर हद्दीच्या बाहेरचा आणि आतला असे दोन्ही भाग एकदमच बदलून घ्या. अर्धाच बदलला तर जुन्या पाइपाला धक्का बसून काही काळ शिसं उलट जास्त उतरू शकतं. काम झाल्यावर नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा आणि पाणी चांगलं वाहू द्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर हे आजच्या आज करा.

चर बुजवल्यावर लगेच डांबर का टाकलं नाही, हा तुमचा सगळ्यात रागाचा प्रश्न. तीन मीटर खोल चरात भरलेली माती थराथराने दाबली तरी पुढे थोडी बसतेच. त्यावर ताबडतोब पक्कं डांबर टाकलं तर दोन महिन्यांत तिथे लांबट घळ पडते आणि सगळं पुन्हा फोडावं लागतं. म्हणून आधी खडीवर गल्ली चालू ठेवतात. ऑगस्टमध्ये कडेने जे फोडलं ते कर्ब आणि फूटपाथसाठी. काँक्रीटचं काम डांबराच्या आधी व्हावंच लागतं, कारण रस्त्याचा उतार आणि पाण्याचा निचरा कर्बच्या लेव्हलवरून ठरतो. सप्टेंबरमध्ये वरचा डांबराचा थर आला. तीन वेळा खणल्यासारखं वाटलं, पण हे एकाच कामाचे तीन टप्पे आहेत. फेब्रुवारीत लाइन फुटून जो खड्डा खणतात, त्याची तऱ्हा आणखी वेगळी. तेव्हा परत भरलेल्या मातीत गोठलेली ढेकळं असतात. ती वसंतात वितळली की खड्डा खचतो, म्हणून तिथलं पक्कं काम उन्हाळ्यापर्यंत मागे ठेवणंच शहाणपणाचं.

यात माझी खरी तक्रार वेगळ्या गोष्टीची आहे. नवं डांबर पडल्यावर दोन वर्षांच्या आत गॅस किंवा इंटरनेटसाठी तोच रस्ता कापला जातो, तेव्हा ते नियोजनाचं अपयश असतं, मग शहर कोणतंही असो. कापलेला रस्ता कितीही चांगला बुजवला तरी त्या जोडातून पाणी आत जातं आणि पुढचे सगळे हिवाळे तिथूनच सुरुवात करतात. तुमच्या गल्लीत तसं काही घडताना दिसलं, तर वॉर्डाच्या नगरसेवकाला जरूर लिहा. या एका बाबतीत नागरिकांच्या पत्रांनी फरक पडतो.

शेजारच्या रस्त्यावरच्या काळ्या रेघा ही शहराच्या पैशाची सगळ्यात चांगली गुंतवणूक आहे. थंडीत डांबर आक्रसतं आणि रस्त्याला आडव्या भेगा पडतात. आपल्याकडे रस्त्याला व्हीजी-३० किंवा कडक उन्हाच्या भागात त्याहून घट्ट अशा व्हीजी-४० प्रतीचं डांबर वापरतात, म्हणजे उन्हात ते वितळून वाहू नये ही काळजी. इथे डांबर निवडताना उन्हाळ्याच्या आकड्याबरोबर हिवाळ्याचा आकडाही पाहतात; उणे २८ किंवा उणे ३४ पर्यंत तडकणार नाही असं डांबर मागवतात. तरीही भेगा पडतातच. त्यांतून पाणी आत गेलं की खालचा पाया संपतो. म्हणून रबर मिसळलेलं गरम डांबर त्या भेगांत भरतात. हे काम वसंतात किंवा पानगळीत बरं, कारण तेव्हा भेग अर्धवट उघडी असते. ऐन उन्हाळ्यात ती मिटलेली असते आणि भरायला जागाच सापडत नाही.

एप्रिलमध्ये खड्डे लगेच नीट का बुजवत नाहीत, याचं उत्तरही हवामानात आहे. गरम डांबराचा माल साधारण १५० अंशांवर येतो आणि तो पुरेसा गरम असेपर्यंतच रोलरने दाबावा लागतो. थंड जमिनीवर पातळ थर काही मिनिटांत निवतो. हिवाळ्यात असा माल बनवणारे कारखानेही बंद असतात. त्यामुळे तोवर थंड मिश्रण ठोकून वेळ निभावतात. ते निघून जातं, पुन्हा भरतात. मे-जूननंतरही तो खड्डा तसाच राहिला, तर मात्र तक्रार करा.

वसंतात रस्ते झाडण्याची जी मोहीम असते, तिला कमी लेखू नका. फार थंडीत मीठ काम करत नाही, म्हणून हिवाळाभर घसरू नये यासाठी वाळू टाकतात. ती काढली नाही तर धूळ होऊन घरात येते आणि पहिल्या मोठ्या पावसात पावसाळी गटारात जाते. ते गटार साउथ सस्कॅचेवान नदीत उघडतं. गल्लीत 'गाडी लावू नका' अशी पाटी लागली तर त्या दिवशी गाडी हलवाच, नाहीतर दंड बसतो आणि तुमच्या गाडीखालची वाळू वर्षभर तिथेच राहते.

बर्फ काढण्याचाही क्रम ठरलेला आहे. हिमवर्षाव थांबल्यावर सगळ्यांत महत्त्वाचे रस्ते १२ तासांत, त्याखालचे ३६ तासांत, तिसऱ्या क्रमांकाचे ७२ तासांत मोकळे करायचे असं शहराचं उद्दिष्ट असतं. आतल्या गल्ल्या या यादीत बहुधा नसतात. घरासमोरचा फूटपाथ मात्र ४८ तासांत तुम्ही साफ करायचा असतो. तो बर्फ रस्त्यावर ढकलू नका. मीठमिश्रित बर्फ झाडाच्या बुंध्याशीही रचू नका.

आता झाडाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त त्याचीच काळजी वाटली.

नुटाना, सिटी पार्क, कॅस्वेल हिल, व्हार्सिटी व्ह्यू या जुन्या वस्त्यांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अमेरिकन एल्मच्या रांगा आहेत. जुलैत त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडतात. या माळावर मुळात फार झाडं नव्हती. वसाहतीच्या लोकांनी ती लावली आणि पुढच्या पिढ्यांनी पाणी घालून जगवली. वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून साधारण ३५० मिलिमीटर पाणी पडणाऱ्या गावात इतकी सावली उभी करणं हे मोठं काम आहे.

या झाडांचा शत्रू म्हणजे 'डच एल्म डिसीज' हा बुरशीचा रोग. एल्मच्या सालीत राहणारे भुंगेरे तो पसरवतात. ताज्या कापलेल्या एल्मचा वास त्यांना लांबून ओढून आणतो. म्हणून १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात संपूर्ण सस्कॅचेवान प्रांतात एल्म छाटायला बंदी आहे. एल्मचं लाकूड साठवणं आणि इकडून तिकडे नेणं हेसुद्धा बेकायदा आहे, अगदी शेकोटीसाठीही. सस्काटूनमध्ये हा रोग २०१५ मध्ये पहिल्यांदा सापडला आणि २०२० मध्ये पुन्हा. रोगट झाड सापडलं की ते तोडून त्याची विल्हेवाट लावतात आणि आसपासची एल्म तपासतात. तुमच्या गल्लीतल्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असू शकतात, आणि त्या वाटेनेही रोग जातो. म्हणजे एका फांदीच्या घाईत सबंध रांग जाऊ शकते.

रस्ता आणि फूटपाथमधल्या पट्टीवरचं झाड शहराचं असतं. फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याइतकी धोकादायक असेल तर शहराच्या वृक्ष विभागाला फोटोसह कळवा. काय करायचं ते तेच ठरवतील. स्वतः करवत घेऊ नका आणि कोणा ओळखीच्यालाही घेऊ देऊ नका. जूनच्या सुमारास एखाद्याच फांदीवरची पानं कोमेजून पिवळी-तपकिरी पडलेली दिसली तर तेही कळवा. अशी पहिली खूण अनेकदा तिथे राहणाऱ्या माणसाच्याच नजरेला पडते.

यंदाच्या खोदकामाने या झाडावर काय परिणाम झाला, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगायलाच हवं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभरात असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. नवा फूटपाथ ओतताना कडेची मुळं कापली, किंवा बुंध्याजवळ खडीचा ढीग आणि मशीन उभं राहून माती दबली, तर झाड त्या वर्षी हिरवंच दिसतं. शेंडा विरळ व्हायला तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर ठेकेदाराची हमी संपलेली असते आणि लोक म्हणतात की झाड म्हातारं झालं. म्हणून काम सुरू होण्याआधी झाडाभोवती कुंपण घातलं आहे का, ते पाहा. मुळांजवळ मशीनच्या बादलीऐवजी दाबाच्या पाण्याने आणि व्हॅक्यूमने माती काढण्याची पद्धत वापरतात का, ते विचारा. मुळं उघडी पडलीच तर ती फाडून न काढता धारदार हत्याराने सरळ कापलेली हवीत. साइटवरच्या पर्यवेक्षकाला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि विचारणारा माणूस समोर असला की काम जास्त जपून होतं, हा माझा अनुभव आहे.

आता पुढची दोन-तीन वर्षं त्या एल्मला कोरड्या आठवड्यांत सावकाश, खोलवर मुरेल असं पाणी द्या. बुंध्याशी न देता फांद्यांच्या टोकांखाली नळी ठेवा. खत घालू नका. दुखावलेल्या मुळांना त्याचा उपयोग नसतो.

नव्या वस्त्यांत तुम्हाला एकाच जातीच्या रांगा दिसणार नाहीत. बर ओक, लिंडन, मेपल अशी मिसळ लावतात. शहरातल्या झाडांत एका जातीचा वाटा १० टक्के, एका प्रजातीगटाचा २० आणि एका कुळाचा ३० टक्क्यांच्या वर नको, असा १९९० पासूनचा एक ठोकताळा आहे. शेजारच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला २०१७ मध्ये अॅश झाडं मारणारा हिरवा भुंगेरा सापडला, तेव्हापासून प्रेअरीतल्या शहरांनी हा ठोकताळा जास्तच मनावर घेतला आहे.

बागेतलं न कापलेलं गवत दुर्लक्षामुळे वाढलेलं नाही. खेळायच्या जागेत कापतात. उरलेल्या भागात माळावरचं मूळचं गवत आणि रानफुलं परत आणायचा प्रयत्न असतो. त्या गवताची मुळं खोल जातात, त्यामुळे ते कोरड्या ऑगस्टमध्ये पाण्याशिवाय तगतं आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवतं. नदीकाठासाठी १९७९ मध्ये स्थापन झालेलं मीवासिन व्हॅली ऑथॉरिटी हे मंडळ नॉर्थईस्ट स्वेलसारख्या माळरानात मेंढ्या-बकऱ्या चारूनही गवत राखतं. ते रान एकदा पाहून या. मग बागेतलं उंच गवत वेगळ्या नजरेने दिसेल.

काही बागा आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खोल केलेल्या दिसतील. डब्ल्यू. डब्ल्यू. अॅशली पार्क हे त्याचं उदाहरण. जुन्या वस्त्यांची पावसाळी गटारं ढगफुटीसारख्या पावसाला पुरत नाहीत आणि पाणी तळघरात शिरतं. अशा वेळी ते पाणी बागेत उतरवतात आणि मग हळूहळू गटारात सोडतात. एरवी तिथे मुलं फुटबॉल खेळतात. पाणी भरलेलं असताना मात्र मुलांना तिथे जाऊ देऊ नका.

राहिली तुमच्या दारासमोरची उकरलेली पट्टी. ती शहराच्या मालकीची असली तरी गवत कापणं आणि निगा राखणं तुमच्याकडे असतं. यंदा तिथे नुसती माती आणि बी टाकून गेले असतील, तर ऑगस्ट सरताना किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला बी धरतं. त्यानंतर पेरलेलं बहुतेक वाया जातं. नव्या पाइपाची चर अंगणातून गेली असेल तर पहिल्या वसंतात ती जागा खचेल. ठेकेदाराची हमी असते, पत्रात तारीख पाहून तिच्या आत फोटो पाठवा. खचलेल्या जागेत माती भरताना उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये वितळलेलं सगळं पाणी तळघराच्या भिंतीशी येऊन थांबेल. फावडं जमिनीत घालण्याआधी खालच्या गॅस आणि विजेच्या लाइनींची खूण करून घेण्यासाठी फोन करा. ही सेवा फुकट आहे, आणि झाड लावायला एक खड्डा खणायचा असला तरी ती घ्यायची असते.